खटका पडतो त्याच्या नोंदी

३ जून

या आठवड्यात चौथ्यांदा सगळं घर बंद पडलं. सकाळी सव्वासात, मी निम्मा साबणात. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांच्या पेटीचं, दार उघडलं, जो खटका खाली होता तो वर केला, दार लावलं. गेलं वर्षभर घरात प्रत्येक जण हेच करतो. संध्याकाळी सहज विचारलं की नेमका कुठला खटका पडतो, तर तिघांची तीन उत्तरं. बायको म्हणाली डावीकडचा, मुलगी म्हणाली तो मोठा, बाबा म्हणाले, "जो पडलाय तो."

मामांना फोन केला. मामा परवानाधारक वायरमन, आता निवृत्त. ते म्हणाले, "मी येतो, पण आधी पंधरा दिवस काहीही उघडू नकोस. नुसतं लिहून ठेव." म्हणून डीबीच्या दाराला आतून कागद चिकटवला आणि दोऱ्याने पेन्सिल बांधली. जो खटका वर करेल त्याने चार गोष्टी लिहायच्या: वेळ, कुठला खटका, तेव्हा घरात काय काय चालू होतं, आणि खटका पहिल्या प्रयत्नात वर बसला की नाही. ही चौथी गोष्ट मामांनी सांगितली. कशासाठी, ते नाही सांगितलं.

४ जून

झाकण न उघडता बाहेरून दिसतं ते उतरवून घेतलं. सर्वांत डावीकडे ६३ अँपियरचा मेन स्विच. शेजारी ४० अँपियरची, ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे घरातली वीज कुठे गळली की सगळं तोडणारी. हाच मुलीचा 'तो मोठा'. पुढे नऊ एमसीबी, म्हणजे एकेका वायरीतला प्रवाह जास्त झाला की तेवढीच वायर तोडणारे खटके, आणि चार घरं रिकामी. एमसीबींवर कधीकाळी कोणीतरी बॉलपेनने नावं लिहिली होती. 'हॉल' दोन ठिकाणी आहे, 'किचन' कुठेच नाही.

८ जून

सुट्टी होती, म्हणून नकाशा काढायला बसलो. एकेक एमसीबी खाली करायचा आणि मुलीने घरभर फिरून काय बंद पडलं ते ओरडून सांगायचं. पहिल्या अर्ध्या तासात तिचा घसा बसला आणि माझा अंदाज.

क्र. १ वर खालचे दिवे-पंखे, बरोबर. क्र. २ खाली केला तर काहीच बंद झालं नाही. दोनदा करून पाहिलं. हा एमसीबी कशासाठी उभा आहे, कोणालाच माहीत नाही. क्र. ३ वर फ्रिज आणि हॉलमधले सॉकेट. क्र. ५ आणि ६ ठीक. क्र. ८ पंपाचा. क्र. ९ वर फाटकावरचा दिवा आणि मागचा व्हरांडा.

खरी गंमत ४ आणि ७ मध्ये. क्र. ४ सोळा अँपियरचा, त्यावर स्वयंपाकघराचे सगळे सॉकेट आणि त्याच वायरीवर बाथरूमचा गिझर. क्र. ७ वर वरच्या मजल्याचे दिवे-पंखे आणि वरच्या खोलीतला एक सॉकेट. त्याच्यावर आकडा पाहिला तर सी ३२. दिव्यांना ३२ अँपियर? चष्मा पुसून पुन्हा वाचला. ३२च.

त्या वेळी मला वाटलं, चला, हा तरी दणकट आहे, याने कधी त्रास दिला नाही. वर्षभराच्या कटकटीत क्र. ७ एकदाही पडलेला नाही. हे वाक्य मुद्दाम इथे ठेवतोय, पुढे त्याचा हिशेब येईल.

१३ जून

कागदावर नऊ नोंदी जमल्या. सहा वेळा आरसीसीबी पडली, तीन वेळा क्र. ४. म्हणजे एका आजाराची औषधं शोधत होतो आणि पेशंट दोन निघाले.

मामांची चौथी गोष्टही आता कळली. आरसीसीबी दर वेळी लगेच वर बसली. क्र. ४ तिन्ही वेळा बसला नाही, दोन-तीन मिनिटं थांबावं लागलं. एमसीबीच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह जास्त झाला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. गार होईपर्यंत ती सरळ होत नाही आणि खटका धरत नाही. शॉर्ट सर्किटने पडला असता तर तिथे चुंबकाचं काम, ते क्षणात होतं आणि पट्टी तापायला वेळच मिळत नाही. तेव्हा क्र. ४ चं दुखणं म्हणजे सरळसरळ ओव्हरलोड.

हिशेबही जुळतो. गिझर २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह आत घेतो १२००. एकूण ४७००, भागिले २३०, म्हणजे २०.४ अँपियर, सोळाच्या एमसीबीवर. मग तो रोज का पडत नाही? कारण आयईसी ६०८९८ या मानकाप्रमाणे एमसीबीने १.१३ पटीला तासभर पडायचं नाही आणि १.४५ पटीला तासाभरात पडायलाच हवं. सोळाच्या बाबतीत हे आकडे साधारण १८ आणि २३. आमचे वीस मधल्या आडरानात. पडला तर पडला, नाही तर नाही.

आरसीसीबीच्या सहापैकी पाच वेळा गिझर चालू होता. आरोपी सापडला असं समजून मी कागदावर गिझरभोवती लाल गोल केला.

१४ जून

गिझरची पिन काढून ठेवली. घरात माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

१९ जून

पाच दिवसांत क्र. ४ एकदाही नाही, आरसीसीबीही नाही. गिझरचं एलिमेंट गेलंय, त्यातून वीज गळतेय, अशी खात्री झाली. नवीन एलिमेंट आणायचं ठरवलं.

२० जून

नाही आणलं ते बरं. आज आरसीसीबी पडली आणि गिझरची पिन तर माझ्या समोर टेबलावर. चालू काय होतं? किटली, इस्त्री, आणि वॉशिंग मशीन गरम पाण्याच्या धुलाईवर.

मग गेले दोन तास दुसरी युक्ती करून पाहिली. एकेक एमसीबी खाली ठेवायचा आणि तीच तीन उपकरणं लावायची. जो खाली असताना आरसीसीबी टिकेल त्या वायरीत गळती. उपकरणं ज्या क्रमांकांवर आहेत ते सोडून बाकी प्रत्येक खाली करून पाहिला. प्रत्येक वेळी आरसीसीबी पडली. म्हणजे सगळे निर्दोष, आणि तरी गळती आहेच. रात्री साडेदहाला हात टेकले.

२२ जून

मामा आले. चहाआधीच कागद वाचला, लाल गोलावर बोट ठेवून हसले.

काम सुरू करण्याआधी त्यांनी मीटरजवळचं कटआऊट, म्हणजे मुख्य फ्यूज, काढलं. नुसता डीबीतला मेन स्विच पाडला तर त्याच्या वरच्या टोकाला वीज राहतेच. मग दोन टोकांचा टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पाहिला होता तो डीबीत लावला, दिवा नाही. पुन्हा बाहेरच्या चालू लाइनवर लावला, दिवा आहे. "टेस्टरच मेला असेल तर सगळं घर मेलेलंच दिसतं." माझा स्क्रूड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर त्यांनी न बोलता खिशात घातला. अजून परत दिलेला नाही.

पहिल्यांदा गिझर. मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचा मीटर, लावला, ५०० व्होल्टवर, एलिमेंट ते बॉडी: २०० मेगओहमच्या वर. एक मेगओहमही पुरला असता. "निर्दोष मुक्तता," मामा म्हणाले. "बाथरूमची माफी माग."

मग त्यांनी विचारलं, "परवा एकेक एमसीबी पाडून पाहिलंस म्हणतोस. एमसीबी काय तोडतो?"

"लाइन."

"फेज तोडतो. न्यूट्रल?"

न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, जागच्या जागी. सगळ्यांचे न्यूट्रल एकाच पट्टीवर, तिथे ना खटका ना काही. म्हणजे कुठल्याही वायरीचा न्यूट्रल अर्थिंगला चिकटला असेल तर तिचा एमसीबी खाली केला काय आणि वर केला काय, दोष आपला जोडलेलाच. माझे दोन तास तिथे गेले.

झाकण उघडल्यावर पट्टी दिसली. एका स्क्रूखाली तीन-तीन न्यूट्रल कोंबलेले. सगळ्या उपकरणांच्या पिना काढल्या, मग मामांनी एकेक न्यूट्रल सोडवून अर्थिंगशी मेगर लावला. पहिला ठीक. दुसरा ठीक. असे सात. आठव्याला काटा जागेवरून हललाच नाही. शून्य.

क्र. ९. फाटकावरचा दिवा.

दिव्याची लोखंडी क्लिप भिंतीत बसवताना कोणीतरी लांब स्क्रू पिळला होता. तो मागच्या वायरीच्या कडेने गेलेला. न्यूट्रलवरचं इन्शुलेशन नखाएवढं सोललेलं आणि तांब्यावर गंजाचा तपकिरी डाग. स्क्रूला अर्थची वायर जोडलेली. साध्या मीटरने मोजलं तर ६० ओहम, वायर जरा हलवली की ९०, सोडली की ५५.

पण दोष फाटकावर आणि खटका पडणार गिझर लावल्यावर, हे मला पटेना. मामांनी कटआऊट परत बसवून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून दाखवला. घर शांत असताना ०.४ व्होल्ट. एकट्या गिझरवर १.२. गिझर, किटली, इस्त्री एकदम लावली तर २.१. कारण बाहेरून येणाऱ्या न्यूट्रल वायरीलाही स्वतःचा थोडा अवरोध असतो, जितका प्रवाह जास्त तितका तिच्यावर दाब उभा राहतो. आता ६० ओहमने भागायचं. ०.४ ला ७ मिलिअँप. १.२ ला २०. २.१ ला ३५. आणि ३० च्या आरसीसीबीला १५ पर्यंत पडायची मुभा नाही, ३० ला पडायलाच हवं. गिझरवर कधी पडायची, कधी नाही, आणि वर आणखी एखादं मोठं उपकरण लागलं की हमखास. कोणतं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

कागदावरचा लाल गोल खोडला नाही. राहू दे.

क्लिप काढली, वायरीचा तेवढा तुकडा बदलला, दिवा प्लास्टिकच्या खोक्यावर बसवला. मेगर: १०० च्या वर.

२३ जून

आज क्र. ४ आणि ७.

क्र. ४ चा एमसीबी काढला तर खालच्या टोकाला वायरीचं इन्शुलेशन बोटाच्या पेराएवढं करपलेलं, रंग तांबूस. नाकाशी नेलं तर कुबट, मासळीसारखा वास. स्क्रू हाताने फिरला. ढिला जोड तापतो, ती उष्णता थेट एमसीबीच्या पट्टीला पोचते आणि तो आधीच अर्धा तापलेला बसतो. आडरानातल्या वीस अँपियरला खाली ढकलणारा हात हा होता.

मी विचारलं, वीसचा किंवा पंचवीसचा एमसीबी टाकला तर? मामांनी वायर बोटांत धरली. अडीच स्क्वेअर मिलिमीटर, भिंतीतल्या पाइपात आणखी चार वायरींबरोबर. "एमसीबी गिझरसाठी नसतो रे. तो या वायरीसाठी असतो. वायर सोळाची आहे तर सोळाचाच. लोड कमी होत नसेल तर दुसरी वायर ओढ."

लहानपणी फ्यूजची तार जळली की बाबा सुट्या वायरीतले तांब्याचे दोन धागे पिळून बांधायचे. पुन्हा कधी जळायची नाही. त्याचा आम्हाला अभिमान होता.

क्र. ७ ला मामांनी आधी हातच लावला नाही. नुसते पाहत राहिले. ३२ चा एमसीबी आणि त्यातून निघालेली दीड स्क्वेअरची वायर. ही वायर पाइपात पंधराएक अँपियरची. आणि हा एमसीबी ३६ अँपियर तासभर बिनतक्रार सोडणार. दिवे सगळे एलईडी, ते सगळे मिळून दोन अँपियरही ओढत नाहीत, म्हणून काही झालं नाही. पण त्याच वायरीवर वरच्या खोलीतला तो सॉकेट, जिथे थंडीत आम्ही २००० वॅटचा हीटर लावतो आणि वर इस्त्रीही. सॉकेट उघडला. वायर बाहेर ओढताना इन्शुलेशन वाळल्या पानासारखं चुरलं आणि मामांच्या तळहातावर पडलं. आतलं तांबं उघडं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "पडत होता तो शहाणा होता."

सॉकेट तिथल्या तिथे बंद केला. क्र. ७ चा एमसीबी काढून दहाचा बसवला.

२९ आणि ३० जून

दोन दिवसांचं काम, थोडक्यात.

स्वयंपाकघराच्या सॉकेटसाठी चार स्क्वेअरची नवी वायर, २० चा एमसीबी. गिझर जुन्या वायरीवर एकटा, सोळावर, ८.७ अँपियर घेऊन सुखात. जुन्या वायरीचं करपलेलं टोक कापून नवं टोक काढलं. वरच्या सॉकेटला स्वतंत्र अडीचची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. दिव्यांची चुरलेली वायर पाइपातून पूर्ण ओढून नवी घातली. एकाऐवजी दोन आरसीसीबी: पहिलीवर खालचे दिवे, फ्रिज, हॉल आणि पंप. दुसरीवर स्वयंपाकघर, गिझर, वॉशिंग मशीन, वरचा मजला आणि बाहेरचं सगळं. दोघींच्या न्यूट्रलच्या पट्ट्या वेगळ्या, एका स्क्रूखाली एकच वायर, प्रत्येक वायरीच्या गळ्यात तिच्या एमसीबीचा नंबर.

क्र. २ ची वायर भिंतीत जाते आणि कुठेच निघत नाही. टोक बंद करून 'मृत' अशी चिठ्ठी लावली. तिचं घर नव्या एमसीबीला दिलं.

संध्याकाळी सहाला चालू केलं. सगळं लागलं. मामांनी दोन्ही आरसीसीबींची टेस्टची बटणं दाबली, दोन्ही पडल्या, वर केल्या. साडेसातला मुलगी जिन्याचा दिवा लावून वर निघाली आणि अख्खं घर अंधारात. दोन्ही आरसीसीबी खाली.

मी काही बोलणार तोच अंधारातून मामांचा आवाज आला, "जिना! मी जिना विसरलो!"

१ जुलै

जिन्याच्या दिव्याला खाली एक स्विच, वर एक. फेज खालच्या दिव्यांच्या वायरीतून निघते. वर पोचल्यावर आधीच्या कोणीतरी वायर वाचवायला न्यूट्रल वरच्या मजल्याच्या दिव्यांतून उसना घेतलेला. एकच आरसीसीबी होती तोवर तिला काय, गेलं तितकं परत आलं. आता जाताना प्रवाह पहिलीतून जातो आणि परत येतो दुसरीतून. पहिलीला वाटतं गेलेलं परत आलं नाही, दुसरीला वाटतं हे आलं कुठून. बल्ब ९ वॅटचा, पण तेवढ्यालाही ३९ मिलिअँप लागतात, एलईडीला प्रत्यक्षात तर जास्तच. तीसला पडायचं म्हणजे पडायचंच.

सोपा उपाय होता: दोन्ही दिव्यांच्या वायरी एकाच आरसीसीबीखाली घ्यायच्या. मीच सुचवला. मामा म्हणाले, उद्या कोणीतरी वरचा एमसीबी पाडून, वीज गेली असं समजून वरच्या दिव्यांचा न्यूट्रल सोडेल. त्याच्या हातातल्या टोकावर जिन्याच्या बल्बमधून २३० व्होल्ट येतील. त्यापेक्षा एक वायर ओढ.

एक वायर ओढायला चार तास लागले. जिन्याच्या वळणात पाइप चेपलेला, वायर ओढायची स्प्रिंग तिथेच अडायची. मामा वरून ढकलतायत, मी खालून ओढतोय, मध्ये बाबा खुर्ची टाकून 'अजून थोडं' म्हणतायत. शेवटी वायरीला साबण लावला. सव्वाचारला टोक दिसलं.

दिवा लावला, विझवला, वरून लावला, खालून विझवला. मुलीने वीसेक वेळा केलं, कोणी अडवलं नाही.

६ जुलै

मामा फक्त मोजायला आले. गळती मोजायच्या क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले की गेलं-आलं वजा होतं आणि उरतं ते गळतं. सगळं घर चालू ठेवून पहिलीवर २.६ मिलिअँप, दुसरीवर ४.१. हे दोष नाहीत. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरांतून एवढं जातंच. नऊच्या आत असलं की खटक्याला उगाच गुदगुल्या होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळले. दोन जरा फिरले.

दाराच्या आत नवा तक्ता लावला, या वेळी 'किचन' सकट. जुना कागद काढला, पेन्सिल काढायला गेलो तर मामा म्हणाले, ती राहू दे.

२४ जुलै

वेळ सकाळी ७.०५. आरसीसीबी क्र. २. पहिल्या प्रयत्नात वर बसली नाही. खालचे दिवे, फ्रिज चालू. दुसरीखालचे एमसीबी पाडले, वर बसली. एकेक वर केला, स्वयंपाकघराचा वर करताच पुन्हा पडली. किटलीची पिन काढली, टिकली. किटलीच्या तळात पाणी. पुसून उन्हात ठेवली. वेळ लागला ६ मिनिटं. नोंद मुलीने केली आहे, मी अंघोळीला गेलो होतो.